झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन टाकून ट्रॅक डे ची गाडी बनवायचीय, सल्ला हवा

झेनप्रेमी_सातारा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. घरची २००२ ची झेन एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) आहे, बाबांनी वापरलेली, आता नुसती कव्हरखाली उभी असते. बॉडी बऱ्यापैकी आहे, ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरला थोडा गंज धरलाय तेवढाच. विकायला गेलं तर भंगाराचा भाव येतो आणि ती भंगारात द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. तेवढ्यात एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे एस्टीम व्हीएक्सआय आलीय, मागून जोरात ठोकलेली, डिकी पार आत गेलीय पण इंजिन एकदम सुरळीत चालू आहे.

तर डोक्यात असं आहे की एस्टीमचं जी१३बीबी, म्हणजे १२९८ सीसी १६ व्हॉल्व्ह ८५ बीएचपीवालं, ते झेनमध्ये टाकायचं. झेन आत्ता ६० बीएचपीची आहे. आतलं सगळं काढून गाडी सातशे किलोच्या आसपास आणायची आणि वर्षातून काही वेळा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला ट्रॅक डे ला न्यायची. चॅम्पियनशिप वगैरे काही डोक्यात नाही, आपली गाडी आपण बनवायची आणि मोकळ्या ट्रॅकवर चालवायला शिकायचं एवढंच. बजेट गाडीवर साडेतीन लाखापर्यंत, ट्रान्सपोर्ट आणि ट्रॅकची फी वेगळी धरलीय.

मला विचारायचंय की हे इंजिन खरंच सरळ बसतं का? बलेनोचं १.६ टाकावं असं एक मित्र म्हणतोय, ते कसं राहील? आरटीओचं काय करायचं? आणि पैसे आधी कशावर घालायचे? कुणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

रेव्हलिमिट_पुणे:

मित्रा कर, बिनधास्त कर. आपल्याकडे जे काही इंजिन स्वॅप होतात त्यातला हा सगळ्यात शहाणा स्वॅप आहे, कारण झेनचं जी१० आणि एस्टीमचं जी१३ एकाच घराण्यातली. जी१० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६१ मिमी, जी१३बीबीचा ७४ बाय ७५.५, दोन्ही ॲल्युमिनियमची, त्यामुळे पुढच्या भागावर वजन फार वाढत नाही आणि गाडीचा मूळ तोल बिघडत नाही. तुझी झेन एमपीएफआय आहे हे तर फारच चांगलं झालं. कार्ब्युरेटरवाली असती तर टाकीत इलेक्ट्रिक पंप, रिटर्न लाइन, हाय प्रेशर पाइप सगळं नव्यानं करावं लागलं असतं, तुझ्याकडे ते आधीपासून आहे.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. नुसतं इंजिन उचलून आणू नकोस, ती एस्टीम अख्खी घे. गिअरबॉक्स, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), पूर्ण वायरिंग, थ्रॉटल केबल, रेडिएटर, पुढचे ब्रेक, माउंटिंग, अगदी एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत सगळं. लोकांचं घोडं अडतं ते इंजिन बसवताना नाही, नंतर. एक सेन्सर नाही, एक ब्रॅकेट नाही, शाफ्टची लांबी जुळत नाही, आणि मग गाडी सहा सहा महिने जॅकवर. एस्टीमला आयकॅट्स (मारुतीची चावी ओळखणारी चोरीविरोधी सिस्टीम) असेल तर ओरिजिनल चावी आणि ईसीयू जोडीनेच ताब्यात घे, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर इंजिन सुरूच होणार नाही.

वायरिंग काढताना कटर हातात घ्यायचा नाही. प्रत्येक कनेक्टर सोडवायच्या आधी त्याला मास्किंग टेप लावून पेनाने नाव लिहायचं, फोटो काढायचा, मगच सोडवायचा. दोन दिवस जास्त लागतील पण नंतर वायरमनच्या पाया पडावं लागत नाही. आणि इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची दोन्ही ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून टाक, गाडीत बसवल्यावर हेच काम चौपट कटकटीचं होतं. स्पेअर्सची काळजी करू नकोस, हेच इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं, २००५ च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये होतं, त्यामुळे रिंग, बेअरिंग, गॅस्केट अजून सहज मिळतात. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसतं म्हणून मॅनिफोल्ड वगैरे त्याचं घेऊ नको, आतलं सामान चालतं.

बलेनोचं १.६ म्हणशील तर माझं मत नको. १५९० सीसी, बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०, एवढ्या लांब स्ट्रोकमुळे ब्लॉक उंच होतो, बॉनेटखाली जागेची मारामारी आणि नाकावर वजन. टॉर्क मिळतो हे खरं, पण तो पुढच्याच दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायचाय आणि वळायचंही त्यांनीच. हलक्या गाडीत १.३ जे मोकळं फिरतं त्याची मजा वेगळी. हिशोब बघ ना, स्टॉक झेन साधारण ७६५ किलो आणि ६० बीएचपी म्हणजे टनाला ७८ च्या आसपास, तू ७०० किलोवर ८५ आणलेस तर टनाला १२१. गाडी ओळखू येणार नाही.

उद्यमनगर_लेथ:

भावा, इंजिनचं वर सांगितलंय त्यात माझी काय भर न्हाई, मी लेथवरचं आणि वेल्डिंगचं सांगतो. आमच्याकडं कोल्हापुरात ही कामं लई येतात.

पहिलं फ्लायव्हील. हलकं फ्लायव्हील केलं की इंजिन चटकन वर चढतंय म्हणून सगळे घेऊन येतात. पण मूळचं फ्लायव्हील बीडाचं असतंय हे डोक्यात ठेव. बीड ताणाला कच्चं, आणि साडेसहा सात हजार आरपीएमला त्यात चीर गेली तर तुकडा बेलहाउसिंग फोडून थेट पायाकडं येतोय. म्हणून काढायचं ते बाहेरच्या कडेचं मटेरियल, क्लच प्लेट घासते त्या तोंडामागची जाडी पातळ करायची न्हाई, आणि बोल्टच्या भोकांजवळ तर टूल न्यायचंच न्हाई. आधी क्रॅक टेस्ट, मग कट, मग डायल लावून रनआऊट बघायचा आणि शेवटी प्रेशर प्लेट बसवून दोन्ही एकत्र डायनॅमिक बॅलन्सिंग. ही शेवटची पायरी जो टर्नर 'गरज न्हाई ओ' म्हणतोय त्याच्याकडनं फ्लायव्हील परत घेऊन ये. खरं विचारशील तर पहिलं वर्षभर मूळचं फ्लायव्हीलच ठेव, ट्रॅकवर सुरुवातीला त्यानं काय बी अडत न्हाई.

दुसरं रोल केज, म्हंजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा. हितं हात आखडता घेऊ नको. खिडकीच्या ग्रिलला वापरतात तो ईआरडब्ल्यू पाइप, शिवण असलेला, तो केजला चालत न्हाई म्हंजे न्हाई. सीडीएस पाइप पाहिजे, कोल्ड ड्रॉन सीमलेस. एफआयएच्या (जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मेन हूपला, म्हंजे ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, न्हाईतर ५० मिमी आणि २ मिमी असं दिलंय. वाकवताना वाळू भरून गॅसनं तापवून वाकवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढं जायचं, केजचा पाइप थंड वाकवायचा, मँड्रेल बेंडरवर, वाकलेल्या जागी चपटा व्हायला न्हाई पाहिजे. पाय जिथं फ्लोअरला टेकतात तिथं खाली प्लेट टाकून बोल्ट कर. तुझ्या फ्लोअरला गंज आहे म्हणतोस, तर तो भाग आधी कापून नवीन पत्रा घाल. गंजक्या पत्र्यावर केज उभा केला तर गाडी उलटल्यावर पाइप शाबूत राहील आणि फ्लोअर फाडून खाली जाईल.

केज बसवल्यावर डोक्याजवळच्या पाइपला पॅडिंग कर आणि ती गाडी हेल्मेट न घालता चालवू नको, गल्लीतनं टेस्ट मारायला सुद्धा न्हाई.

हक्क_आणि_हॉर्न:

आरटीओचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, मी वकिली करते आणि गाड्यांची आवड घरातच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्याच्या पोटकलम ४ मध्ये मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही, असं आहे. इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही आरसीवर छापलेले असतात, त्यामुळे वेगळ्या सीसीचं इंजिन, मागची सीट गायब, आत केज अशी गाडी रस्त्यावर आणायचा विचार सरळ सोडून द्या. 'कोण बघतंय' असं म्हणणारे भरपूर भेटतील, पण अपघात झाला की सगळे बघतात. समोरचा माणूस जखमी झाला, विमा कंपनीने इंजिन नंबर तपासला, की भरपाईचा बोजा तुमच्या डोक्यावर यायचा धोका अगदी खरा आहे.

शिवाय साध्या विम्यात ट्रॅकवरचं काहीच धरलेलं नसतं. ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग हे स्टँडर्ड पॉलिसीत वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी गेली तर गेली, हे मनाशी पक्कं करूनच उतरायचं.

तुमची झेन २००२ ची आहे, म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटली, रस्त्यावर ठेवायची तर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं आलंच. माझा सल्ला स्पष्ट आहे, ही गाडी फक्त ट्रॅकची करा, घरातून ट्रॅकवर फ्लॅटबेडवर न्या, फ्लॅटबेडवर परत आणा. नोंदणी रद्द करायची असेल तर रीतसर अर्ज देऊन करा आणि त्याची पोच जपून ठेवा. एस्टीमचे कागदही तसेच, तिची आरसी कुणाच्या नावावर आहे, कर्जाचा बोजा आहे का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आत्ताच्या मालकाकडून विक्रीचं लिहून घ्या, नाहीतर उद्या त्या इंजिन नंबरवरून चौकशी आली तर तुम्ही काय दाखवणार?

फ्लॅग_मार्शल:

मी चेन्नईत नोकरीला असताना शनिवार-रविवार ट्रॅकवर मार्शल म्हणून जायचे, आता नाशिकला आहे. माझं मत वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे, रागावू नका.

इंजिन आत्ता टाकूच नका. आहे त्या ६० बीएचपीवर आधी ट्रॅकवर जा. पोस्टवर उभं राहून दिवसभर गाड्या बघितल्या की एक गोष्ट लख्ख दिसते, बंद पडून बाजूला लागलेल्या गाड्यांमध्ये पॉवर कमी पडली म्हणून थांबलेली एकही नसते. ब्रेक गेले, गाडी तापली, होजचा क्लॅम्प सुटला, तेल सांडलं, बॅटरी हलून टर्मिनल निघालं, हीच कारणं. आणि सांडलेलं तेल म्हणजे फक्त तुमचा दिवस वाया गेला असं नाही, मागून येणारा माणूस त्यावरून सरळ भिंतीत जातो. त्यामुळे गाडी तयार करताना पहिला विचार 'माझ्या गाडीतून ट्रॅकवर काही पडणार नाही ना' हा करा.

ब्रेकबद्दल बोलते, कारण करीवर तेच सगळ्यात आधी संपतात. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, वळणं जवळजवळ, ब्रेकला गार व्हायला वेळच मिळत नाही. साध्या डॉट ३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवीन असताना २०५ अंश, ओलावा धरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. हे किमान आकडे आहेत, पण फरक लक्षात आला ना? बाटली उघडून सहा महिने कपाटात ठेवलेलं फ्लुइड घालायचं नाही, प्रत्येक ट्रॅक डे च्या आधी ताजं घालून नीट ब्लीडिंग करायचं. फ्लुइड उकळलं की पेडल सरळ फ्लोअरला जातं, आणि ते नेमकं सगळ्यात वेगवान जागेच्या शेवटीच जातं. चांगले पॅड, नवे रबर होज आणि ताजं फ्लुइड, एवढ्यात झेन आहे त्या डिस्कवर छान थांबते. ८५ बीएचपी झाल्यावर मात्र एस्टीमचे पुढचे ब्रेक घ्याच.

सेशन संपताना शेवटचा लॅप सावकाश मारायचा, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ओट लावायची. आणि टायरची हवा गरम असतानाच मोजायची, सकाळी थंड टायरमध्ये भरलेली हवा तीन लॅपनंतर बरीच चढलेली असते.

आपल्याकडे हलकी गाडी आणि छोटं इंजिन ही परंपरा फार मोठी आहे हो. ज्यांच्या नावाने करी स्पीडवे आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बनवली. नारायण कार्तिकेयनसारखा पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला मुलगासुद्धा त्या गाडीत शिकला. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले नसते तर त्यांनी अजून काय काय उभं केलं असतं कुणास ठाऊक. सांगायचा मुद्दा, कमी ताकदीच्या गाडीत वेग टिकवून ठेवायला शिकावंच लागतं, सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही.

झेनप्रेमी_सातारा:

एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार सगळ्यांचे. मार्शल ताई, तुमचं वाचून दोन वेळा विचार केला. एस्टीम सोडली तर परत अशी मिळेल की नाही माहीत नाही म्हणून ती घेऊन ठेवतो, कागद बघूनच, पण पहिली एक-दोन वेळ झेन आहे त्याच इंजिनवर नेतो. फ्लोअर, केज, सीट, हार्नेस, ब्रेक आणि टायर हे आधी, इंजिन नंतर. आणि रस्त्यावर आणायचा विषय संपला, फ्लॅटबेडच.

आता दोन शंका. एक, जी१३ ला ट्रॅकवर तेलाचा प्रॉब्लेम येतो असं ऐकलंय ते काय असतं? आणि चार पॉइंट हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला, म्हणजे खाली फ्लोअरजवळ बांधले तर चालतील का? गॅरेजवाला म्हणतोय सगळे तसंच करतात.

रेव्हलिमिट_पुणे:

तेलाचं सांगतो. चेन्नईला मेन स्ट्रेट संपल्यावर सी१, म्हणजे पहिलं वळण, हे वेगवान उजवं वळण आहे, तिथे चांगल्या टायरवर गाडी बराच वेळ बाजूला रेटलेली राहते. संपमधलं (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल सगळं डावीकडे चढतं, पिकअपची (तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. रस्त्यावर एवढा वेळ एकाच बाजूला रेटा कधी बसत नाही म्हणून कंपनीच्या संपमध्ये त्याची सोय नसते. कोनरॉड बेअरिंग अशा वेळी क्षणात जातं आणि तुला कळतं तेव्हा इंजिनमधून ठकठक सुरू झालेली असते.

उपाय महाग नाही. संप काढून पिकअपभोवती पत्र्याच्या भिंती वेल्ड करून घे, मधे एकाच बाजूला उघडणारी झडप, म्हणजे तेल आत येतं पण बाहेर पळत नाही. पिकअप आणि संपच्या तळातलं अंतर मूळचं होतं तेवढंच ठेवायचं, तिथे वेल्डिंगचा गोळा राहता कामा नये. वेल्डिंग झाल्यावर संप आतून घासून, धुऊन, परत धुऊन लावायचा, एक कण जरी पंपात गेला तर सगळं मुसळ केरात. तेलाची लेव्हल वरच्या खुणेवर ठेवायची, आणि डॅशबोर्डवर नुसता दिवा नको, प्रेशरचा काट्याचा गेज लाव आणि तो नजरेच्या रेषेत लाव. वळणात काटा खाली डुलला की पाय उचल. हे सगळं जी१० वर पण लागू आहे, म्हणजे पहिल्या फेरीच्या आधीच गेज बसवून टाक.

उद्यमनगर_लेथ:

हार्नेसचं मी सांगतो. चालत न्हाई. पट्टा खांद्यावरनं मागं खाली फ्लोअरकडं गेला तर धडक बसल्यावर तो खांद्याला खाली दाबतोय, सगळा दाब पाठीच्या कण्यावर. पट्टे खांद्यावरनं मागं जवळजवळ आडवे गेले पाहिजेत, थोडासा उतार चालतोय, २० अंशापर्यंत. त्यासाठी केजच्या मेन हूपला खांद्याच्या उंचीला एक आडवा सीडीएस पाइप घालतात, हार्नेस बार म्हणतात त्याला, पट्टा त्याला गुंडाळून बांधायचा. म्हणूनच आधी सीट बसव, त्यात तू स्वतः हेल्मेट घालून बस, खांद्याची उंची मार्क कर, आणि मग बार वेल्ड कर. उलटं केलं की सगळं कापायला लागतंय.

गॅरेजवाल्याला सांग सगळे करू देत, आपण करणार न्हाई. गाडी घेऊन कोल्हापूरला ये, साताऱ्याहनं काय लांब न्हाई, फ्लोअरचा पत्रा आणि केजची मापं एकाच दिवशी घेऊन टाकू. येताना सीट आणि हेल्मेट बरोबर आण, ते न्हाई आणलंस तर फेरी फुकट जाईल.